शिवऱ्याच्या लग्नातली पातळ लापशी

मी आचारी. भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांत लग्न असो, बारसं असो, दहावं असो, नाहीतर गावची जत्रा असो, मोठा सैपाक निघाला की लोक माझ्याकडं यायचे. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथीसुद्धा अर्धीच. लिहिण्यात चुका होत्या, त्या दिवाळी अंकवाल्यांनी काढल्या असतील. ते म्हणाले, जेवणावळीच्या गमतीजमती लिहा. मी म्हणलं, लिहीन, पण माझ्या हातनं झालेला सगळ्यात अवघड सैपाक एका माणसाचा होता आणि ते माणूस म्हणजे माझी बायको हौसा. ती यंदा शिमग्याच्या आधी गेली. तिच्याबद्दल लिहू देणार असाल तर लिहितो, न्हाईतर राहू द्या. ते बरं म्हणाले.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. आचारी आदल्या दिवशी दुपारी लग्नघरी जातो. आधी वारा कुठून येतो ते बघतो आणि त्या अंगानं चुलाण खणतो. चुलाण म्हणजे लांब चर. खाली लाकडं, वर ओळीनं पातेली. भाताचं पातेलं कुठं आणि आमटीचं कुठं, हे जाळ बघून ठरतं. मापं सगळी हातात असतात. आणि बाहेरच्या माणसाला पटत न्हाई ती गोष्ट म्हणजे आमी चव घेत न्हाई. देवाचा नैवेद्य निघाल्याशिवाय त्यातलं बोटसुद्धा तोंडाला लावायचं नसतं. मीठ मुठीच्या अंदाजानं पडतं आणि ते बरोबर पडावं लागतं. माझं पडायचं. खोटा मोठेपणा मला जमत न्हाई आणि खरा सोडवत न्हाई.

वरव्याच्या एका लग्नात सांगितलेली सगळी माणसं जेवून उठली आणि नवऱ्याकडचे आणखी दोन टेम्पो येऊन उभे राहिले. मुलीच्या बापाचं तोंड पांढरं पडलं. मी म्हणलं, "दादा, तुमी त्यांना सरबत द्या आणि शेतीच्या गप्पात घाला. बाकीचं माझ्यावर सोडा." उरलेल्या आमटीत कढत पाणी, शेंगदाण्याचं कूट, थोडं बेसन आणि वरून तिखटाची दणकून फोडणी. मागनं आलेल्यांनी आमटी जास्त वरपली. भाटघरकडचा एक म्हातारा पाहुणा तर दर लग्नात चुलाणापाशी येऊन हळूच विचारायचा, "आचारी, आज काय कमी पडायचं लक्षण हाय?" जे कमी पडणार ते तो पहिल्या पंगतीला खाऊन घ्यायचा.

तर हजार माणसं मला कधी जड गेली न्हाईत. घरात मात्र मी साधा चहा केला नव्हता. एकदा हौसाला ताप होता तेव्हा पिठलं केलं, ते चार घरं खातील एवढं झालं. ती पांघरुणातनं म्हणाली, "मांडव घालायचा ऱ्हायला बगा."

तिला मिश्रीची सवय. लग्न होऊन आली तेव्हापासून. सकाळी उठली की तंबाखू तव्यावर भाजायची, पूड करायची आणि दाताला लावून उंबऱ्यात बसायची. आमच्याकडं निम्म्या बायका तशाच बसतात. गालात आतनं फोड आला तेव्हा तोंड आलंय म्हणून तिनं तूप लावलं. मग तिखट झोंबायला लागलं. मग भाकरीचा घास आत जाईल एवढं तोंड उघडंना. तेव्हा भोरला नेली. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि लगेच पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाई वो. कधीच न्हाई."

"मिश्री?"

"ती व्हय. ती तर दाताला लावत्यात."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मीपण मान हलवली. मलासुद्धा मिश्री तंबाखूत धरायची असते हे ठाऊक नव्हतं. सगळा जन्म आमच्या घरात तंबाखू भाजला जात होता आणि आमी दोघं मिळून त्याला दात घासायचं औषध समजत होतो. ज्यांच्या घरात अजून उंबऱ्यात बसून मिश्री लागते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

कॅन्सर निघाला. खालच्या जबड्याचं एका बाजूचं हाड आणि गालाचा आतला भाग काढला. छातीचं मांस घेऊन तिथं लावलं. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ओळखली ती हातावरच्या गोंदणावरनं. तोंड एका अंगाला ओढलेलं, नाकात नळी. जखम भरल्यावर लाईट द्यायची असं ठरलं. लाईट म्हणजे किरणांचे शेक. माणसाला फळीवर झोपवतात, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवतात आणि तो फळीला पक्का अडकवतात, मान हलू नये म्हणून. मुखवटा घालताना तिनं माझा हात धरला होता, तो सिस्टरबाईंनी सोडवला. मला बाहेर जावं लागलं.

नळीतनं जेवण कसं द्यायचं हे शिकवायला आहाराच्या मॅडम होत्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. पोरगी वेल्ह्याला दिलेली आणि तिचं बाळंतपण नेमकं तेव्हाच आलेलं. त्यामुळं शिकायला मीच होतो. मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही काय काम करता?"

"आचारी."

"मग तर तुम्हाला सोपं जाईल."

मलापण तसंच वाटलं. आमी दोघंही चुकलो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मुगाची डाळ, भात आणि गाजर मऊ शिजवलं, घोटलं, पातळ केलं. हाताला मोठ्या पातेल्याची सवय, त्यामुळं केलं ते पातेलंभर. पिचकारीनं थोडंथोडं जायचं, आणि शिळं द्यायचं न्हाई असं मॅडमनी बजावलेलं. उरलेलं सगळं शेजारच्या म्हशीनं खाल्लं. तीन दिवस त्या म्हशीची चैन झाली. शेजारीण म्हणाली, "भावजी, हौसाताईपेक्षा आमची म्हसच बाळसं धरतीय."

चौथ्या दिवशी नाचणी दिली. पिठाच्या चाळणीनं गाळली होती, पण खाली साका बसला आणि नळीत खळ झाली. पाणी पुढं जाईना. मी पिचकारी जोरात दाबणार तेवढ्यात हौसानं माझं मनगट धरलं. बरं झालं धरलं. दवाखान्यात गेल्यावर मॅडम म्हणाल्या, जोर केला असता तर नळी फाटली असती. त्यांनी नळी बदलली आणि मला परत पहिल्यापासून शिकवलं. दोनदा गाळायचं, देण्याआधी आणि दिल्यावर साधं पाणी सोडायचं, तिला बसतं करायचं, घाई करायची न्हाई. त्यानंतर मी जुनं मऊ धोतर फाडलं, धुऊन उकळलं आणि त्यातनं गाळायला लागलो. हजार माणसांच्या सैपाकात एखादा खडा राहिला तर ज्याच्या दाताखाली येतो तो शिव्या देतो आणि गप बसतो. हितं खडा राहिला की माझं माणूस उपाशी.

लाईट सुरू झाली तेव्हा आठवडाभर आमी दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी एस.टी.नं घरी यायचो. तिच्या तोंडात आतनं सगळं सोललं होतं. मानेची कातडी काळी पडली. थुंकी सुकली. एका रविवारी मला वाटलं, हिच्या तोंडाला चव नसली तरी नाकाला तर वास असंल. जुनी आचारी माणसं सांगायची की फोडणीच्या वासानं मेलेली भूक जागी होते. मी तिच्या खाटेशेजारी शेगडी आणली आणि लसणाची खमंग फोडणी केली. मोठ्या हौसेनं केली. तिला तो वास सोसला न्हाई. असे उमासे आले की नाकातली नळी निम्मी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला सगळ्यांसमोर बोलल्या. "काका, लाईट चालू असताना वास सोसत नाहीत हे मी तुम्हाला सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. पण माझी फोडणी कुणाला सोसणार न्हाई हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्या दिवसापासून चूल घराबाहेर, शेरडांच्या गोठ्यामागं नेली. लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचं बंद केलं, कारण मसाल्याचा वास कपड्यांत मुरतो, धुतला तरी जात न्हाई. लोकांना ह्याचं लई नवल. नसरापूरच्या बाजारात एक ओळखीचा गडी चारचौघांत म्हणाला, "काय आचारी, चुलाण इझवलं आन् बायकोची चूल धरली म्हणं?"

मी म्हणलं, "व्हय. तुज्या पोराच्या लग्नात आमटीचं वगराळं धरलं तवा गडीच व्हतो ना मी? आता घरात धरलं तर तुज्या का पोटात दुखतंय?"

तो हसला आणि मग खाली बघून त्यानं विचारलं, "वयनी कशा हायत?" माणूस वाईट नव्हता. आपल्याकडं आधी टोचतात आणि मग विचारतात.

लाईटचा शेवटचा आठवडा राहिला होता तेव्हा तिनं हात टेकले. बोलणं तिचं अडकायचं, ओठ नीट मिटत नव्हते, पण मला सगळं कळायचं. म्हणाली, "मला नगं आता. घरी न्या. जे व्हायचं ते घरी हुदे."

मला गोड बोलता येत न्हाई. मी म्हणलं, "बुंदीचा घाणा निम्म्यात काढत न्हाईत. कच्ची ऱ्हाती."

ती म्हणाली, "मी काय बुंदी हाय व्हय?" आणि निम्म्या तोंडानं हसली. हसताना दुखलं म्हणून मला एक चापट मारली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फळीवर जाऊन झोपली. तो आठवडा तिनं पुरा केला. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ तरणी माणसं मधेच सोडून जातात. मी बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ते सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

मग खरी लढाई सुरू झाली, तोंडानं गिळायची. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमलं की एक वाढवायची. ती काड्या धरून बसायची आणि डोळ्यांतनं पाणी गळायचं, पण काढायची न्हाई. मला वाटायचं पाणी सगळ्यात सोपं, आधी पाणी पाजावं. मॅडम म्हणाल्या, पाणी सगळ्यात अवघड. ते पटकन धावतं आणि चुकून श्वासाच्या नळीत जातं. फार पातळ नको, फार घट्ट नको. आमच्या धंद्यात त्याला पळीवाढी म्हणतात, म्हणजे पळीनं वाढली तर धारेनं पडत न्हाई आणि गोळाही होत न्हाई. मी रोज पळीवाढी करायला लागलो. तांदळाची पेज, रताळं, दुधातला रवा. हनुवटी खाली घाल, गिळ, परत गिळ, मग खाकर. हे मी तिला एवढ्यांदा सांगितलं की शेरडं हाकतानासुद्धा माझ्या तोंडात तेच यायचं.

हळूहळू जमलं. मॅडमनी तपासलं आणि एक दिवस नळी निघाली. मला वाटलं जिंकलो. पण न्हाई. हौसा भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली.

तोंडाच्या एका कोपऱ्यातनं घास बाहेर यायचा. तिथं तिला स्पर्शच कळत नव्हता. गळलेलं दुसऱ्यानं बघितल्यावर तिला कळायचं. म्हणून ती पदर ओढायची आणि कोपऱ्यात बसायची. माझ्यासमोरसुद्धा जेवायची न्हाई. जिच्या नाकातली नळी मी स्वतः धुतली तिनं मला पाठ करावी, ह्याचा मला राग आला. मी रागावलो तर म्हणाली, "तुमी वाढा आन् भाईर जावा. मी आता चारचौघांत जेवायची न्हाई. मरंस्तवर न्हाई."

ही बाई पंगतीत बसली की शेजारचीला हसवून ठसका लावायची. आणि आता ती भिंतीशी जेवणार. मला ते मान्य नव्हतं. जीव वाचला आणि माणसांतनं उठली तर आमी दोघांनी केलं ते कशासाठी?

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, नातीचं लग्न शिवऱ्याला निघालं. आक्कानं सांगितलं की सैपाक माझ्या भावाच्याच हातचा आणि जेवण खाली पंगतीत, उभ्यानं ताटं घेऊन न्हाई. मी कबूल झालो. मग म्हणलं, "आक्का, एक अट हाय. लापशी पातळ करणार."

आमच्याकडं लग्नाची लापशी मोकळी लागते. दाणा दाण्याला चिकटता कामा नये. माझं नाव ह्या दोन तालुक्यांत त्या लापशीवर होतं. आक्का उठून उभीच राहिली. "माज्या नातीच्या लग्नात गिचका घालतो व्हय रं? व्याही काय म्हणतील?"

"म्हणू दे. हौसाच्या एकटीच्या ताटात येगळं वाढलं तर ती जेवायची न्हाई. समद्यांच्या पानात पातळ असली तर कोण कुणाचं बघतंय?"

आक्का परत खाली बसली. म्हणाली, "तूप मातुर कमी करू नगंस."

हौसाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती मांडवात आली ती पदर नाकापर्यंत ओढून, आणि जेवायला घरीच जाऊ म्हणत होती. आक्कानं तिचा हात धरला आणि बायकांच्या ओळीत आपल्या शेजारी बसवली. मी चुलाणापाशी होतो, मांडवाच्या कापडाच्या फटीतनं बघत होतो. वाढपी लापशी वाढत गेले तशी ओळीतनं कुजबुज आली. "अगं बया, ही काय लापशी का खीर?" "आचारी थकला वाटतं." पुरुषांच्या ओळीतला एक जण तर मोठ्यानं म्हणाला, "चमचे द्या रं, हातानं कशी खायाची!" उभ्या जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं. मी वगराळं पातेल्यात घातलं आणि पुढची बादली भरली.

हौसानं पत्रावळीकडं बघितलं. आक्काच्या पानात बघितलं. मग पलीकडच्या बाईच्या पानात. तिला कळलं. तिनं मान वर केली आणि मांडवाच्या कापडाकडं बघितलं, मी तिथं असणार हे तिला ठाऊकच. मग पदर मागं सारला, सगळं तोंड उघडं केलं, आणि हनुवटी खाली घालून पहिला घास घेतला.

आता पंगतीची रीत अशी की ओळीतलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ती ओळ उठत न्हाई. पुरुषांची ओळ उठली, हात धुऊन विडी पेटवून बसली. बायकांची ओळ तशीच. सगळ्यांचे हात उष्टे, वाळलेले. हौसा एक घास घ्यायची, दोनदा गिळायची, खाकरायची, कोपऱ्यातलं आक्का हळूच आपल्या पदरानं टिपायची. पुढची पंगत ताटकळत उभी. नवऱ्याचा चुलता माझ्याकडं आला. "आचारी, बायकांची ओळ का अडकलीय? कोण ती म्हातारी, उठवा की तिला."

मी म्हणलं, "ती माजी बायकू हाय. तिला उठवणारा अजून जन्माला आला न्हाई. कॅन्सरला जमलं न्हाई, तुमी बगा जमतंय का."

तो परत गेला. तिकडं ओळीत आक्कानं शक्कल काढली. "आगं, नुसत्या काय बसलाय, उखाणे घ्या की गं!" आणि ओळीच्या टोकापासून एकेक सून नवऱ्याचं नाव घ्यायला लागली. एकीचा अर्ध्यात अडला की सगळ्या हसायच्या. त्या हसण्यात हौसाचे घास चालले होते. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि तिच्यासाठीच सगळ्या बसल्या होत्या.

आचारी पंगतीत जात न्हाई. वाढणं हे वाढप्याचं काम. पण मी लापशीची बादली उचलली, वाढप्याला बाजूला केलं आणि बायकांच्या ओळीत शिरलो. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हौसाच्या पत्रावळीपुढं वाकलो आणि म्हणलं, "वाढू का?"

इतके महिने मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. पिचकारी भरायची, नळीला लावायची आणि सोडायचं. किती आणि कधी ते मी ठरवायचो. मॅडम ठरवायच्या. तिला भूक आहे का, पोट भरलं का, हे विचारायची सोयच नव्हती.

तिनं पत्रावळीवर आडवा हात धरला. "बास," म्हणाली.

रीतीप्रमाणं मी आग्रह केला. "अगं, एक पळी तरी."

"न्हाई म्हनलं ना. पोट भरलं."

ते तिनं एवढ्या ठणक्यात सांगितलं की सगळ्या ओळीला ऐकू गेलं. मग तिनं हनुवटी खाली घालून सावकाश घोटभर पाणी प्यायलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि आक्काकडं बघून मान हलवली. सगळी ओळ एकदम उठली. मी भरलेली बादली हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.